वैमानिकाच्या कानाचा इतिहास

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत तो कानाचा आहे. आणि तोही लहान विमानात बसलेल्या माणसाच्या कानाचा. कामगारांच्या सभांतून वावरलेल्या माणसाने विमानाच्या भानगडीत कशाला पडावे, असे कुणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. यंत्राजवळ उभा राहणारा प्रत्येक माणूस हाताइतकाच कानाने काम करीत असतो. जिनिंगमधला जुना फिटर रेच्याचा नुसता आवाज ऐकून त्याचे दुखणे सांगतो. तेव्हा यंत्राच्या गलबल्यातून माणसाचा शब्द माणसापर्यंत कसा पोचला, हा प्रश्न जितका वैमानिकाचा, तितकाच आमचाही आहे.

दुसरे कारण असे, की हा विषय आता वऱ्हाडच्या दारात येऊन उभा राहिला आहे. अमरावतीजवळ बेलोरा येथे सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९२ साली धावपट्टी बांधली. पुढे कित्येक वर्षे तेथे मोठ्यांची खाजगी विमाने तेवढी अधूनमधून उतरत. १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून अलायन्स एअरचे विमान तेथे उतरले आणि अमरावतीची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. परंतु आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. बेलोऱ्यास वैमानिक शिकविणारी शाळा काढण्याचे एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केले. वर्षाला १८० वैमानिक तयार करावयाचे, असा तो संकल्प. त्यासाठी २०२५ साली ३४ विमानांची मागणी नोंदविली गेली. त्यांतील ३१ अमेरिकेच्या पायपर कंपनीची एका इंजिनाची आणि ३ ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीची दोन इंजिनांची. अकोल्यास तर त्याहून जुने विमानतळ आहे. शिवणीचे ते मैदान १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तयार झाले.

या लहान विमानात आज शिकाऊ वैमानिकाच्या मांडीवर पट्ट्याने बांधलेला टॅब्लेट दिसतो. नकाशा त्यात, हवामान त्यात, उड्डाणापूर्वीची तपासणीची यादी त्यात. हा टॅब्लेट आता बोलूही लागला आहे. जवळ दुसरे विमान आले तर तो सांगतो, जमीन जवळ आली तर सांगतो, समोर कोणती धावपट्टी आहे तेही सांगतो. पण वैमानिकाच्या दोन्ही कानांवर जाड गाद्यांचा हेडसेट चढविलेला असतो आणि बाहेर इंजिन गर्जत असते. टॅब्लेटचा तो एवढासा आवाज त्या कानात शिरावा कसा? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. मात्र त्याच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारली गेली आहे: बोलणारा कोण, आणि ऐकावयास मिळते कुणाला?

आरंभीच्या विमानात बोलण्याची सोयच नव्हती. उघड्या बैठकीत तोंडावर वारा आदळावयाचा आणि पुढे इंजिन फडफडावयाचे. शिक्षक आणि विद्यार्थी एकामागे एक बसत आणि हाताच्या खुणांनी, फार तर खांद्यावर थाप मारून एकमेकांस समजावीत. १९१७ साली इंग्लंडात गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याने वैमानिक-शिक्षणाची नवी पद्धत घालून दिली. त्याच्या शाळेत शिक्षकाच्या तोंडापासून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत एक रबरी नळी नेलेली असे. एका टोकाला तोंडाशी धरण्याचा पेला, दुसऱ्या टोकाला चामडी टोपीच्या कानांत बसविलेल्या दोन शाखा. वीज नाही, तार नाही. डॉक्टरांच्या स्टेथॉस्कोपचाच हा भाऊ. गॉस्पोर्ट नळी या नावाने ती जगभर गेली, आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत टायगर मॉथसारख्या शिकाऊ विमानांत तिच्यावरच काम भागत होते.

ह्या नळीचा एक प्रकार आम्हांला फार बोलका वाटतो. अमेरिकेच्या कित्येक शिकाऊ विमानांत नळी एकाच दिशेने काम करी. शिक्षक बोलावयाचा आणि विद्यार्थ्याने ऐकावयाचे. उत्तर द्यावयाचे झाल्यास विद्यार्थ्याने मान हलवावी. ब्रिटिशांच्या टायगर मॉथमध्ये मात्र दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय होती. रबराच्या एका जास्तीच्या तुकड्याचा खर्च तो किती असणार! पण एका ठिकाणी तो करावासा वाटला, दुसऱ्या ठिकाणी वाटला नाही. यंत्राची रचना करताना माणसामाणसांतले नातेही असे ठरून जाते, आणि पुढे ते यंत्राचाच स्वभाव म्हणून मानले जाते.

जमिनीशी बोलणे ही याच्या पुढची पायरी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ जातीच्या विमानातून मुंबईस जुहूला उतरले, तेव्हा त्या विमानात रेडिओ नव्हता. वाट चुकली तर विचारावयास कुणी नाही आणि पुढे वादळ असेल तर सांगावयास कुणी नाही. वऱ्हाडच्या आकाशातून जाणाऱ्या विमानांना हा शब्द मिळाला तो हळूहळू. १९४९ साली रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांहून रात्री डाकोटा विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र होत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत जात. मुंबईचे विमान विदर्भाच्या डोक्यावरून जाई. अशा विमानांत त्या काळी वैमानिकांखेरीज एक रेडिओ-अधिकारी असे. कानाला हेडफोन लावून कडकट्टच्या भाषेत येणारे निरोप घेणे आणि ते वैमानिकास सांगणे, हे त्याचे काम. वैमानिकाचा कान म्हणजे तो माणूस होता. पुढे उच्च कंप्रतेचा बोलका रेडिओ सुधारला, वैमानिक स्वतःच बोलू-ऐकू लागला, आणि रेडिओ-अधिकाऱ्याची खुर्ची विमानातून काढली गेली. यंत्राने माणसाची जागा घेण्याचा प्रश्न कापडगिरणीतच काय तो आला असे नाही.

विमानाचा हा बोलका रेडिओ आजही ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो, आणि त्याची पद्धत जुनीच, म्हणजे ज्याला ए. एम. म्हणतात ती, राखलेली आहे. गाणी ऐकण्यासाठी एफ. एम. किती तरी स्वच्छ. मग विमानवाल्यांनी जुने का धरून ठेवले? अनेक कारणांपैकी एक ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एफ. एम.मध्ये दोन जण एकाच वेळी बोलले, तर जोरकस लहर दुबळ्या लहरीला पार गिळून टाकते. दुबळा बोलला होता हे कुणाला कळतसुद्धा नाही. ए. एम.मध्ये दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात, शिट्टी वाजते, खरखर होते. शब्द कळले नाहीत तरी आणखी कुणी तरी बोलत होते एवढे कळते, आणि पुन्हा विचारता येते. दुबळ्याचा आवाज पुसला जाऊ नये, हा त्यातला हिशेब आहे.

पण नुसती सोय पुरेशी नसते. शिट्टी वाजल्यावर कुणी तरी थांबून विचारावे लागते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील धुक्याने भरलेल्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. नियंत्रण मनोऱ्याचा ‘थांबा’ हा निरोप आणि दुसऱ्या विमानाचा ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ हा निरोप एकाच क्षणी निघाले. डच विमानाच्या कक्षात त्या दोहोंच्या ठिकाणी कर्कश आवाज तेवढा ऐकू आला. त्यांच्यातील एकाने, ते विमान बाजूला झाले नाही काय, अशी शंका काढली. मुख्य वैमानिकाने ती उडवून लावली आणि विमान धावतच राहिले.

आपल्या देशातला दाखला याहून जवळचा आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे जंबो विमान आणि कझाकस्तानचे मालवाहू जातीचे विमान यांची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. न्यायमूर्ती लाहोटी यांनी चौकशी केली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहावयास सांगितले होते. ते त्याखाली उतरले. त्या विमानात मनोऱ्याशी बोलण्याचे काम रेडिओ-अधिकाऱ्याकडे होते. उंची दाखविणारे स्वतःचे यंत्र त्याच्यापुढे नव्हते. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला ते पाहावे लागे. शब्द एकाच्या कानात आणि सुकाणू दुसऱ्याच्या हातात, अशी स्थिती झाली म्हणजे केवढा अनर्थ होतो, हे त्या शेतांनी पाहिले. त्यानंतर टक्कर टाळण्याची सूचना देणारे यंत्र आपल्या आकाशातील मोठ्या विमानांना सक्तीचे झाले. ते यंत्र वैमानिकांच्या कानात बोलते.

आता हेडसेटकडे वळू. हेडफोनचा आजच्यासारखा पहिला चांगला नमुना १९१० च्या सुमारास नाथानिएल बाल्डविन नावाच्या अमेरिकन माणसाने आपल्या घरच्या स्वयंपाकघरात बनविला आणि आरमाराला विकला. विमानात तो आला, त्याला तोंडापुढे मायक्रोफोन जोडला गेला, आणि जुन्या काळचा एक संकेत कायमचा चिकटून राहिला. लहान विमानाच्या हेडसेटला दोन खुंट्या असतात: एक पाव इंच जाडीची, ऐकण्यासाठी, दुसरी किंचित बारीक, बोलण्यासाठी. बोलण्याच्या खुंटीतून विमानाकडून थोडी वीज मायक्रोफोनला द्यावी लागते, कारण मूळचे मायक्रोफोन कोळशाच्या कणांचे होते आणि ते विजेवाचून बोलत नसत. कोळसा गेला, नवे मायक्रोफोन आले, तरी विजेची ती रीत राहिली. ऐकण्याच्या बाजूचा विद्युतरोधही वेगळा. घरगुती हेडफोनचा सुमारे ३२ ओहम असतो, तर लहान विमानाच्या हेडसेटचा शेकड्यांत. म्हणून टॅब्लेटची तार सरळ विमानाच्या हेडसेटमध्ये खुपसली, तर खुंटी बसत नाही, आणि बसविली तरी आवाज क्षीण येतो.

मग आला गोंगाटाचा प्रश्न. एका इंजिनाच्या विमानाच्या कक्षात आवाज नव्वद डेसिबलच्या आसपास, कित्येकदा त्याहून वर जातो. गादीने कान झाकले तर बारीक, किणकिणते आवाज अडतात. पण इंजिनाचा खोल घुमारा गादी भेदून आत येतो. त्यावर उपाय निघाला तो मोठा गमतीचा आहे. आवाज ही हवेतील लाट. तिच्या उंचवट्यावर नेमका तेवढाच खड्डा येईल अशी उलटी लाट सोडली, तर दोन्ही एकमेकींस खातात. पाउल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाने यासाठी घेतलेले अमेरिकन पेटंट १९३६ चे आहे. कल्पना होती, पण ती झटपट अमलात आणणारी यंत्रे नव्हती. १९७८ साली झुरिचहून बॉस्टनला जाताना विमानातील हेडफोन कानाला लावून कंटाळलेल्या अमर बोस यांनी वाटेतच त्याचे गणित मांडावयास घेतले. हे अमर बोस म्हणजे ननी गोपाल बोस या बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव. इंग्रजांचा ससेमिरा चुकवून वडील १९२० साली अमेरिकेस गेले होते. डिसेंबर १९८६ मध्ये व्हॉयेजर विमानाने कोठेही न उतरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यातील दोन्ही वैमानिकांचे कान शाबूत राहावेत म्हणून बोस यांचे प्रायोगिक हेडसेट त्यांना दिले होते. १९८९ साली ते बाजारात आले. अमर बोस यांनी २०११ साली आपल्या कंपनीचे बहुसंख्य भाग ज्या संस्थेत ते शिकले आणि ज्या संस्थेत त्यांनी शिकविले त्या एम. आय. टी.ला देऊन टाकले.

येथे एक विरोध उभा राहतो तो पाहा. हेडसेट जितका चांगला, तितका बाहेरचा आवाज कमी. गोंगाट गेला हे उत्तम झाले. पण मांडीवरचा टॅब्लेट जे सांगत आहे तेही त्याच गोंगाटाबरोबर बाहेर राहिले. चांगल्या कानझाकणीने जवळच्या इशाऱ्यालाही दार बंद केले.

पहिला उपाय तारेचा होता. विमानाच्या अंतर्गत बोलण्याच्या यंत्राला, ज्याला इंटरकॉम म्हणतात त्याला, गाणी ऐकण्यासाठी एक लहानसे छिद्र ठेवलेले असते. टॅब्लेटपासून तेथपर्यंत तार नेली की झाले. पण वैमानिकाच्या मांडीवर अगोदरच पट्टे, नकाशे, हेडसेटच्या तारा; त्यात आणखी एक तार सुकाणूच्या दांड्याभोवती अडकण्यास सज्ज. शिवाय २०१६ पासून ॲपलने आपल्या फोनवरील हेडफोनचे छिद्रच काढून टाकले आणि पुढे टॅब्लेटांवरूनही ते गेले. म्हणजे बिनतारी वाट शोधणे भागच पडले.

ही बिनतारी वाट आपल्याला परकी नाही. १८९५ साली कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनी मध्ये भिंती असताना विद्युतलहरींनी पलीकडची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू उडवून दाखविली होती. आजच्या वाटेचे नाव ब्लूटूथ. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होऊन गेला, त्याचे टोपणनाव निळा दात. त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एका भाषेत बोलविणाऱ्या या पद्धतीला त्याचे नाव दिले. एरिक्सन, नोकिया, आय. बी. एम., इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी १९९८ साली त्यासाठी संघ स्थापिला.

ब्लूटूथची लहर २.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीच्या पट्ट्यात चालते. तेथे वायफायही असते आणि इतरही यंत्रे असतात. त्या गर्दीतून वाट काढण्यासाठी ती एका जागी उभीच राहत नाही. जुन्या धाटणीच्या ब्लूटूथमध्ये ७९ जागा असतात आणि लहर सेकंदाला १६०० वेळा जागा बदलते. बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाच उड्यांचा क्रम ठाऊक. या युक्तीचा एक जुना अवतार १९४२ सालच्या अमेरिकन पेटंटात आहे, आणि ते हेडी लामार ही चित्रपटनटी व जॉर्ज अँथाइल हा संगीतकार या दोघांचे आहे. पाणतीर सोडल्यावर त्याला दिलेली बिनतारी आज्ञा शत्रूने बिघडवू नये म्हणून पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ जागांवर लहर उडवावी, अशी त्यांची योजना होती. आरमाराने तेव्हा ती वापरली नाही. पेटंटची मुदत संपली आणि त्या बाईंना त्यातून एक पैही मिळाली नाही. सन्मान झाला तो १९९७ साली, वयाच्या उतरणीवर. ब्लूटूथ थेट त्यांच्या कागदावरून उतरविलेले नाही; पण जागा बदलत बोलण्याचा विचार तोच आहे.

आपल्या देशात सरकारने २००५ साली या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या यंत्रांना परवान्याच्या बंधनातून मोकळे केले. आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा एक तुकडा सर्वांसाठी मोकळा ठेवला गेला, म्हणून आज चहाच्या टपरीवरचा पोऱ्याही बिनतारी हेडफोन लावून काम करतो.

विमानात ही वाट तीन तऱ्हांनी आणता येते. पहिली, हेडसेटमध्येच ब्लूटूथ असणे; २०१० च्या आगेमागे असे हेडसेट निघाले. दुसरी, विमानाच्या ध्वनिफलकातच ते बसविणे. तिसरी आणि स्वस्त, म्हणजे काडेपेटीएवढा ब्लूटूथ-ग्राहक घेऊन तो इंटरकॉमच्या गाण्याच्या छिद्रात खोचणे. तिन्ही चालतात. परंतु इतिहासाने विचारलेला प्रश्न येथे पुन्हा डोके वर काढतो. पहिल्या तऱ्हेत टॅब्लेटची जोडी एका हेडसेटशी जमते. शिक्षकाने आपल्या हेडसेटशी टॅब्लेट जोडला, तर ‘विमान, उजवीकडे’ ही सूचना शिक्षकाच्या कानात जाईल. सुकाणू धरलेला विद्यार्थी शांतपणे त्याच दिशेला पाहतही नसेल. एकतर्फी गॉस्पोर्ट नळी शंभर वर्षांनी बिनतारी होऊन परत आली, असे म्हणावयास हरकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेत आवाज इंटरकॉममधून सर्वांना पोचतो. आमचे मत विचाराल तर शिक्षणाच्या विमानात ह्याच तऱ्हा योग्य.

तरी त्यांतही एक खोच आहे. गाण्याचे छिद्र गाण्यासाठी केलेले. मनोऱ्याचा निरोप आला किंवा कक्षात कुणी बोलले, की इंटरकॉम गाणे आपोआप दाबून टाकतो. गाण्याच्या बाबतीत हे शहाणपणाचेच आहे. पण त्याच छिद्रातून टॅब्लेटचा इशारा येत असेल, तर रेडिओ वाजत असताना इशाराही दाबला जातो. आणि आकाशात गर्दी असते तेव्हाच रेडिओ सर्वांत जास्त वाजतो! म्हणून इशारे न दाबल्या जाणाऱ्या वाटेने आणावे लागतात. चांगल्या ध्वनिफलकात अशी वाट असते. ज्यात दाबणे बंद करता येते असेही इंटरकॉम असतात. वाट कोणती आहे हे जमिनीवर असतानाच तपासून ठेवावयास हवे.

विलंबाचाही विचार केला पाहिजे. ब्लूटूथ आवाजाचे तुकडे करते, ते आवळते, धाडते आणि पलीकडे उलगडते. यात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा जातो. दोन लहान विमाने प्रत्येकी १०० नॉट वेगाने समोरासमोर येत असतील, तर दर सेकंदाला त्यांच्यातील अंतर सुमारे १०३ मीटरने घटते. पाचव्या हिश्श्यात सुमारे २० मीटर. इशारा काही किलोमीटर अगोदर मिळत असल्यामुळे हे २० मीटर सोसण्यासारखे आहेत. पण वैमानिकाचा स्वतःचाच आवाज इतक्या उशिराने त्याच्या कानात परत आला, तर त्याची जीभ अडखळू लागते. म्हणून मनोऱ्याशी आणि शेजाऱ्याशी बोलण्याचा मुख्य मार्ग अजूनही तारेचाच आहे, आणि दोन खुंट्या निवृत्त झालेल्या नाहीत.

टॅब्लेट काही सर्वज्ञ नव्हे, हेही सांगितले पाहिजे. दुसरे विमान आपला ठावठिकाणा स्वतः प्रक्षेपित करीत असेल आणि तो पकडणारा ग्राहक आपल्या विमानात असेल, तरच टॅब्लेटला त्याची वार्ता लागते. वऱ्हाडच्या उन्हात गरम हवेवर तरंगणाऱ्या घारीजवळ असले प्रक्षेपक नसते. फोन आला म्हणजे त्याची घंटाही त्याच वाटेने कानात शिरते. विद्युतघट उतरला तर इशारा काही न बोलता थांबतो, आणि सगळ्यांत घातक ते हेच. कारण शांतता म्हणजे धोका नाही, असे माणूस समजून चालतो. तेव्हा डोळ्यांनी बाहेर पाहणे ही जुनी शिकवण टॅब्लेटने रद्द होत नाही.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला त्याकडे येतो. एका वैमानिकाच्या कानासाठी जगाने किती केले याची यादी आपण पाहिली. व्यावसायिक वैमानिकाची श्रवणशक्ती वैद्यकीय तपासणीत यंत्राने मोजली जाते. त्याच्या कानावर हजार डॉलरांहून अधिक किमतीचा हेडसेट असतो. हे सर्व योग्यच आहे. त्याचा आम्हांला हेवा नाही. पण बेलोऱ्याच्या धावपट्टीपासून आणि शिवणीच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर कापसाचा मुलूख आहे. १८६७ साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोचली आणि तेव्हापासून अकोला-अमरावती-बडनेरा-धामणगाव या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. अकोल्याची सावतराम मिल १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. त्या मागावर आणि त्या रेच्यांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसे उभी राहिली. हंगामात रेच्यांच्या ओळीत दोन हात अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. ओरडल्यावाचून जेथे बोलता येत नाही, तेथला आवाज कानाला अपाय करणारा असतो, ही साधी खूण आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही.

कायदा या बाबतीत मुका होता असे नाही. दिवसाच्या आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा कारखान्यांच्या नियमांत घातली गेली. आवाज पाच डेसिबलने वाढला की वेळ निम्मा, असे तिचे कोष्टक. १९४८ च्या कारखाना कायद्यात १९८७ साली दुरुस्ती होऊन गोंगाटाने येणारा बहिरेपणा कळविण्याजोग्या रोगांच्या यादीत आला. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो धंद्याचा रोग मानला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या श्रमसंहिता लागू झाल्या; पुस्तक बदलले, तरी त्या रोगाचे नाव नव्या यादीतही आहे. अडचण निराळी आहे. हंगामी कामगार चार-सहा महिने येथे, पुढच्या हंगामात दुसरीकडे. त्याचा कान कामावर घेताना कसा होता हे मोजलेलेच नसते. मग तो केव्हा आणि कुठे गेला हे तो सिद्ध कसे करणार? बहिरेपणाला रक्त येत नाही, जखम दिसत नाही. घरची माणसे म्हणतात, म्हातारा आता मोठ्याने बोलल्याशिवाय ओ देत नाही. कामगार स्वतः म्हणतो, वय झाले. सरकी भरणाऱ्या रेजा तर एवढेही म्हणत नाहीत.

वैमानिकाचे कान वाचविण्याची विद्या आणि रेच्यावरच्या माणसाचे कान वाचविण्याची विद्या एकच आहे. वैमानिकासाठी महागडी उलटी लाट लागते, कारण त्याला त्याच वेळी ऐकावयाचेही असते. जिनिंगच्या कामगाराला तूर्त फार स्वस्त वस्तू पुरेल: फोमच्या कानबोळ्यांची जोडी काही रुपयांत मिळते. पण नुसत्या बोळ्यांनी भागत नाही, हेही वैमानिकाच्या इतिहासानेच शिकविले. कान बंद केला आणि इशाऱ्याची वाट उघडली नाही, तर पट्ट्यात हात गेलेल्याची आरोळी शेजाऱ्याला ऐकू येणार नाही. म्हणून बोळ्यांबरोबर दिव्याचा इशारा, प्रत्येक ओळीला हाताशी येईल असा यंत्र थांबविण्याचा खटका, आणि यंत्राचे आवरण व तेलपाणी असे करून आवाज उगमापाशीच कमी करणे, अशी सगळी मागणी एकत्र केली पाहिजे. आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी कान मोजून तो आकडा कामगाराच्या स्वतःच्या हाती कागदावर दिला पाहिजे. चरखी दादरीला शब्द एकाकडे आणि यंत्र दुसऱ्याकडे होते. आमच्याकडे कान एकाचा आणि कानाची नोंद दुसऱ्याच्या कपाटात, किंवा कुठेच नाही, अशी गत आहे.

बेलोऱ्यास जी मुलेमुली विमान शिकतील, त्यांतली काही वऱ्हाडची असोत, अशी आमची इच्छा आहे. विमानांचे रेडिओ, हेडसेट, ध्वनिफलक दुरुस्त करणारे कसबी लोकही तेथे लागतील, आणि आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून निघालेल्या पोरांना ते काम यावे. त्यांनी खुंट्यांचे माप, ओहमचा हिशेब आणि दाबली जाणारी व न दाबली जाणारी वाट यांचा भेद नीट शिकावा. शिक्षकाने त्यांना एवढेच आणखी सांगावे, की जोडणी संपल्यावर विमानातल्या प्रत्येक बैठकीवर स्वतः बसून, हेडसेट लावून, इशारा ऐकू येतो की नाही हे पाहिल्यावाचून काम पुरे झाले असे लिहू नये. आमच्या संघटनांनीही येत्या कापूस-हंगामापूर्वी जिनिंगच्या मालकांपुढे आणि कारखाना-निरीक्षकांपुढे कान मोजण्याची मागणी ठेवावी. हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. तोपर्यंत आपल्याला पाच महिने आहेत.